सुराची पारख आणि शिक्षकाची भाकर

मुलांचा वाद्यवृंद उभा करावयाचा असे एखाद्या गावाने ठरविले, म्हणजे वाद्ये कोठून आणावयाची, सरावाला जागा कोणती, हे प्रश्न मागाहून येतात. पहिला प्रश्न येतो तो निवडीचा. जागा तीस असतात आणि मुले येतात शंभर. कोणाला घ्यावे आणि कोणाला परत पाठवावे? पश्चिमेकडे ह्या निवडीला ऑडिशन म्हणतात. नाटक-सिनेमामुळे तो शब्द आता आपल्याकडेही घरोघर पोचला आहे. शब्द पोचला खरा, परंतु ह्या निवडीत नेमके काय तोलले जाते, आणि तागडी ज्याच्या हाती असते त्या शिक्षकाची स्वतःची व्यवस्था काय असते, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. तो विचार येथे करावयाचा आहे.

मी गवई नाही, वादकही नाही. माझी उमर कामगारांचे पगार, कामाचे तास आणि करार ह्यांच्या वाटाघाटीत गेली. तेव्हा रागदारीतील बारकावे मी सांगू लागलो तर ते शोभणार नाही. पण संगीत शिकविणे हेही एक काम आहे, आणि कोणत्याही कामाला जे तीन प्रश्न विचारावे लागतात ते ह्याही कामाला विचारता येतात. माणूस कसा निवडला? त्याला शिकविले कोणी? आणि शिकविणाऱ्याच्या घरची चूल कशावर पेटते?

प्रथम निवडीची रीत पाहू. पाश्चात्य पद्धतीच्या वाद्यवृंदात प्रवेश मागणाऱ्या मुलाकडून साधारणपणे चार गोष्टी करून घेतात. एक, त्याने घरून तयार करून आणलेली रचना. दोन, सप्तकांचे आरोह-अवरोह. त्यावरून बोटे किती मोकळी झाली आहेत ते कळते. तीन, पूर्वी कधीही न पाहिलेले स्वरलेखन समोर ठेवून ते तेथल्या तेथे वाजविणे. चार, लयीची पकड, म्हणजे ठेका न सोडता चालता येते की नाही. ह्याखेरीज जाणता परीक्षक आणखी एक गोष्ट पाहतो. मुलगा दुसऱ्याचे ऐकतो की नाही? कारण वाद्यवृंदात एकट्याने उत्तम वाजवून भागत नाही. शेजारच्याचा सूर कानावर घेऊन आपला सूर त्यात मिळवावा लागतो. आपल्या भजनी मंडळातील झांजवाल्याला हे शिकवावे लागत नाही. मृदंगाच्या पुढे पळणारी झांज मंडळी क्षणभर चालवून घेत नाहीत.

ह्या निवडीत पक्षपात होऊ नये म्हणून अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदांनी, विशेषतः १९७०च्या दशकापासून, उमेदवार आणि परीक्षक ह्यांच्यामध्ये पडदा लावण्यास सुरुवात केली. वाजविणारा काळा की गोरा, पुरुष की स्त्री, ओळखीचा की परका, हे कळू नये हा हेतू. पावलांच्या आवाजावरून स्त्री ओळखू येते म्हणून कित्येक ठिकाणी वाटेवर गालिचाही अंथरला गेला. तेथील अग्रगण्य वाद्यवृंदांत १९७०च्या सुमारास स्त्रिया शेकडा पाचसुद्धा नव्हत्या. पुढील पंचवीस वर्षांत हे प्रमाण पुष्कळच वाढले. त्याच्या अनेक कारणांत हा पडदाही एक मानला जातो.

पडदा ही चांगली युक्ती आहे. पण पडद्याने काय झाकते आणि काय झाकत नाही ते नीट पाहिले पाहिजे. पडदा चेहरा झाकतो, शिकवणीची फी झाकत नाही. ज्या घरात सहाव्या वर्षापासून व्हायोलिन आहे, त्याला तार तुटली तर दुसरी तार आहे, सरावाला वेगळी खोली आहे आणि आठवड्यातून दोनदा येणारा शिक्षक आहे, त्या घरातील मुलगा पडद्यामागूनही ओळखू येतो. आणि दोन खोल्यांत सात माणसे राहतात अशा घरातील मुलगी, जिचा कान कदाचित त्याच्याहून तयार असेल, तिला तर पडद्यापर्यंत पोचताच येत नाही. तेव्हा तयार काम पाहून केलेली निवड पुष्कळदा मुलाची नसते. त्याच्या मागे उभ्या असलेल्या घराची असते.

कारखान्यात काम करणाऱ्यांना ह्यातील भेद चटकन कळेल. तयार फिटर घ्यावयाचा असला म्हणजे त्याची ट्रेड टेस्ट घेतात. हाती कानस आणि लोखंडाचा तुकडा देतात, नकाशा पुढे ठेवतात, आणि माप सुताइतकेही चुकले तर त्याला घरी पाठवितात. ते योग्यच आहे, कारण त्याला उद्या सकाळी यंत्रावर उभे राहावयाचे असते. पण शिकाऊ उमेदवार घेताना अशी चाचणी घेणारा माणूस वेडाच म्हणावा लागेल. १९६१ सालच्या शिकाऊ उमेदवार कायद्यातील कल्पनाच अशी की, मुलाला आज काम येत नाही, ते त्याला शिकवावयाचे, आणि शिकतो आहे त्या काळात त्याच्या हाती विद्यावेतनही ठेवावयाचे. तेथे पाहावयाचे असते ते आज हात काय करतो हे नव्हे, तर हात शिकेल की नाही हे.

संगीतातही अशी दुसऱ्या जातीची परीक्षा घेता येते, आणि ती अवघड नाही. शिक्षकाने तीन स्वर गाऊन दाखवावे, मुलाने ते परत म्हणावे. शिक्षकाने पाच टाळ्यांचा एक तुकडा वाजवावा, मुलाने तो परत वाजवावा. दोन स्वर वाजवून वरचा कोणता, खालचा कोणता, ते विचारावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चुकल्यावर एकदा समजावून सांगून तीच गोष्ट पुन्हा करावयास लावावी. पहिल्या खेपेपेक्षा दुसरी खेप किती सुधारली, ह्यात सारी परीक्षा आहे. पहिली खेप मुलाचे घर दाखविते आणि दुसरी खेप मुलगा दाखविते. अशा परीक्षेला मात्र एक अट आहे. परीक्षक शिक्षक असला पाहिजे. नुसता गुण देणारा येथे उपयोगी नाही, कारण दुसऱ्या खेपेपूर्वी काय सांगावे हे त्याला सुचले पाहिजे.

निवड मुळीच न करता वाद्यवृंद उभा राहिला, असेही एक उदाहरण आपल्या देशात आहे. मध्य प्रदेशातील मैहर संस्थानात उस्ताद अल्लाउद्दीन खाँ ह्यांनी १९१८च्या सुमारास साथीच्या रोगात पोरकी झालेली मुले गोळा केली आणि त्यांना वाद्ये शिकविली. त्यातून मैहर बँड तयार झाला. बंदुकीच्या नळ्या कापून केलेले नलतरंग हे वाद्य त्या वृंदाचे वैशिष्ट्य म्हणून सांगतात. तेथे प्रवेशाची कसोटी एकच होती, आणि ती म्हणजे मुलाला दुसरे कोणी नसणे. ती मुले सगळीच जन्मतः सुरेल होती असे मानण्यास आधार नाही. शिकविणारा कडक होता, रोज शिकवीत होता आणि जागचा हलत नव्हता. आणि संस्थानिकाच्या आश्रयामुळे त्याच्या भाकरीची सोय झालेली होती, ही गोष्टही विसरता कामा नये.

येथे आपण मूळ मुद्द्याशी येतो. मुलाची पारख करून त्याला घडविणारा शिक्षक हवा असेल, तर त्या शिक्षकाची भाकर कोणी द्यावयाची? राजाने द्यावी, हे जुने उत्तर झाले. राजे गेल्यावर, किंबहुना राजांनी पुरेसा मान दिला नाही म्हणून, दुसरे उत्तर शोधण्याची धडपड ज्या माणसाने केली त्याचे चरित्र पाहण्यास नाशिककरांना दूर जावयास नको. पंचवटीतील इंद्रकुंडाजवळच्या सभागृहाला त्याचेच नाव आहे. ते नाव म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांचे डोळे अधू झाले आणि शाळा सुटली. जो मुलगा पुस्तक नीट वाचू शकत नाही त्याने पोट कसे भरावे, ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणून घरच्यांना गाणे सुचले. म्हणजे ह्या थोर गायकाची संगीतातील पहिली निवड गळ्याने केली नाही, अडचणीने केली. मिरजेस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी शिकवीत असत. त्यांच्याकडे त्यांनी काही वर्षे कसून तालीम घेतली आणि १८९६ साली मिरज सोडली.

मिरज का सोडली, ह्याविषयी एक हकिकत सांगतात. एका सार्वजनिक समारंभाचे निमंत्रण गावातील प्रतिष्ठितांना गेले, संस्थानाच्या आश्रयामुळे विष्णु दिगंबरांनाही मिळाले. पण गुरुजींना बोलावणे नव्हते. गवयाला कशाला बोलवावयाचे, असा त्यातला भाव होता. हकिकतीचा तपशील थोडाफार बदलून सांगितला जातो, पण त्या काळची गवयाची पायरी त्यातून बरोबर कळते. दरबारात गाणे ऐकावयाचे, बिदागी द्यावयाची, आणि पंगतीत मात्र बाजूला बसवावयाचे! कारागिराच्या हाताचे कौतुक करून त्या हाताला मान न देण्याची ही रीत केवळ संगीतातच आहे असे नाही.

सातारा, बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा असा प्रवास करीत ते पंजाबात पोचले, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. कुरुंदवाडचा मराठी माणूस परक्या मुलखात, परक्या भाषेत, कोणाही एका राजाच्या आश्रयावाचून शाळा काढतो, हे त्या काळी धाडसच होते. ह्या शाळेची घडण कशी होती ते कामाच्या दृष्टीने पाहू.

पूर्वी शागीर्द गुरूच्या घरी राहात असे, पाणी भरीत असे, हुक्का भरीत असे, आणि गुरूच्या मर्जीला येईल तेव्हा त्याला एखादी चीज मिळे. किती वर्षांत काय मिळेल ह्याला काही प्रमाण नव्हते. विष्णु दिगंबरांनी ह्या व्यवहाराला मोजमाप आणले. वर्गाची वेळ ठरली, फी ठरली, कोणत्या वर्षी काय शिकवावयाचे तो क्रम ठरला. स्वर लिहून ठेवण्याची एक पद्धत त्यांनी बनविली, पाठ्यपुस्तके छापली, आणि ‘संगीतामृतप्रवाह’ नावाचे मासिकही काढले. तिकीट लावून जाहीर जलसे केले, म्हणजे गाणे ऐकणारा आश्रयदाता न राहता चार-आठ आणे देणारा नागरिक झाला. कामगार चळवळीच्या भाषेत सांगावयाचे तर, मर्जीच्या जागी त्यांनी नियम आणला. शिकणाऱ्याला आपला हक्क काय ते कळले आणि शिकविणाऱ्याला आपले काम किती ते कळले.

ह्या शाळेतील सर्वांत महत्त्वाची योजना म्हणजे उपदेशक वर्ग. बाहेरून येऊन फी भरून शिकणारे विद्यार्थी वेगळे, आणि उपदेशक वर्गाचे विद्यार्थी वेगळे. ह्या दुसऱ्या मुलांना राहणे, जेवण आणि शिक्षण शाळेकडून मिळे. त्याच्या बदल्यात त्यांनी ठरलेली वर्षे शिकावयाचे आणि मग स्वतः शिकवावयाचे. संपूर्ण शिक्षणक्रम नऊ वर्षांचा होता. ही उमेदवारीच होती. गरीब घरचा मुलगा फीसाठी अडू नये, आणि शाळेला शिक्षकांची वाण पडू नये, अशी ही दुहेरी बांधणी होती. मुलगा निवडताना प्रश्न असा असे की, हा नऊ वर्षे टिकेल काय, आणि टिकल्यावर दुसऱ्याला देऊ शकेल काय?

ह्या निवडीतून कोण निघाले पाहा. मिरजेचे विनायकराव पटवर्धन १९०७ साली, जेमतेम नऊ वर्षांचे असताना, लाहोरला गेले. कोल्हापूरचे शंकरराव आणि नारायणराव हे व्यास बंधू, प्रा. बी. आर. देवधर, नारायण मोरेश्वर खरे आणि भडोचहून आलेले ओंकारनाथ ठाकूर हे सगळे त्याच परंपरेतले. ओंकारनाथांना १९१६ साली विष्णु दिगंबरांनी लाहोरच्या शाळेचे प्रमुख नेमले, तेव्हा त्यांचे वय विशीच्या आतबाहेर होते. विशीतल्या पोराच्या हाती शाळा देणे हीदेखील एक परीक्षाच होती, पण ह्या खेपेस परीक्षा शिकविणाऱ्याची होती. ओंकारनाथ पुढे १९५० साली बनारस हिंदू विश्वविद्यालयातील संगीत विभागाचे पहिले प्रमुख झाले. खरेशास्त्री गांधीजींच्या साबरमती आश्रमात संगीत शिकवावयास गेले आणि १९३०च्या दांडीयात्रेत इतरांबरोबर पायी चालले.

तथापि ह्या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे नुसते गौरवाचे भाषण होईल. करार हा दोन्ही बाजू समजून-उमजून करतील तरच करार. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या वतीने वडिलांनी केलेला करार मुलाला कितपत कळला असेल, हा प्रश्न उरतोच. शाळेची शिस्त फार कडक होती. शिवाय ज्या घराणेदार मुसलमान उस्तादांनी आणि कलावंतिणींनी शतकानुशतके ही विद्या जिवंत ठेवली, त्यांना ह्या नव्या शाळांत शिक्षक म्हणून फारशी जागा मिळाली नाही. शृंगाराच्या चिजांना भक्तीचे शब्द घातले गेले, आणि मध्यमवर्गीय घरांना गाणे आपलेसे वाटू लागले. त्यात ज्यांची जुनी रोजी गेली त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. नवे यंत्र आले म्हणजे जुन्या कारागिराचे काय होते, तसेच हे झाले. विष्णु दिगंबरांच्या कार्याचे मोठेपण ह्याने कमी होत नाही, परंतु हिशेब पुरा मांडावा.

आता पैशाची बाजू. १९०८ साली त्यांनी मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ते वाढले. स्वतःची इमारत हवी झाली, आणि तीसाठी कर्ज काढले गेले. फीच्या उत्पन्नात शाळा चालत असे, पण उपदेशक वर्गाचे जेवण आणि इमारतीचे व्याज दोन्ही फीतून निघेनात. ती तूट ते स्वतःच्या गळ्यावर भरून काढीत. म्हणजे गावोगाव जलसे करावयाचे आणि पैसे आणून सावकाराला द्यावयाचे. शिक्षकाने शिकविण्याचे सोडून व्याजासाठी हिंडावे, अशी ही स्थिती. पुढे त्यांचे चित्त अधिकाधिक रामनामाकडे वळले, जलशांचे उत्पन्न घटले, आणि १९२४च्या सुमारास मुंबईची ती इमारत कर्जापायी लिलावात गेली.

ह्या पडत्या काळात त्यांनी जवळ केले ते आपले नाशिक. १९२२ साली त्यांनी येथे श्रीरामनाम आधाराश्रम स्थापन केला. भगवी वस्त्रे, रामायणाचे प्रवचन, आणि सोबत राहतील तेवढ्या विद्यार्थ्यांना गाणे. लाहोर-मुंबईचा मोठा पसारा आवरून गोदावरीच्या काठी आश्रमाएवढा झाला होता. त्यांची बरीचशी मुले लहानपणीच दगावली होती. उरला होता तो १९२१ साली जन्मलेला दत्तात्रेय. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस विष्णु दिगंबर वारले, तेव्हा हा मुलगा अवघा दहा वर्षांचा होता. इमारत गेली होती, मागे शिल्लक अशी काही नव्हती. व्यवहारी माणसाने ह्या आयुष्याचा ताळेबंद येथे तोट्यात काढला असता.

परंतु ताळेबंदाला अजून एक पान होते. विष्णु दिगंबरांच्या पश्चात त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अहमदाबादेस जमून गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंत ज्या परीक्षांना आपली मुले बसतात, त्या ह्या मंडळाच्या. विनायकराव पटवर्धन १९२२पासून दहा वर्षे गंधर्व नाटक मंडळीत नट म्हणून काम करीत होते. तेथील उत्पन्न सोडून ८ मे १९३२ रोजी त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. आणि गुरूचा पोरका मुलगा दत्तात्रेय ह्याला त्यांनी व नारायणराव व्यासांनी शिकविले. १९३५ साली चौदा वर्षांचा हा मुलगा जालंदरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात गायला. तोच पुढे डी. व्ही. पलुस्कर ह्या नावाने घरोघर ऐकला गेला. १९५५च्या ऑक्टोबरात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी तो गेला. पण तोवर त्याच्या गळ्याने सिद्ध केले होते की बापाने शिष्यांत गुंतविलेले भांडवल बुडाले नव्हते. लिलावात इमारत गेली. शिक्षक तयार करण्याची रीत कोणालाही जप्त करता आली नाही.

देवधरांचे उदाहरणही निवडीच्या दृष्टीने मोलाचे आहे. मुंबईत त्यांनी आपले संगीत विद्यालय चालविले. तेथे १९३०च्या दशकाच्या मध्यास कुमार गंधर्व हा दहा-अकरा वर्षांचा मुलगा दाखल झाला. हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तंतोतंत गाऊन दाखवीत असे आणि सभेच्या सभा थक्क होत. कोणत्याही चाचणीत पहिला येईल असे ते पोर! देवधरांनी त्याला नुसते मिरवत ठेवले नाही. निरनिराळ्या परंपरांचे गाणे ऐकविले, विचार करावयास लावले आणि शिकविले. जे पोर सगळ्यांना तयार वाटते ते अजून शिकावयाचे आहे, हे ओळखण्यासही शिक्षकच लागतो.

आपला शिक्षक कर्जात बुडाला, परदेशात असे होत नसेल, असे कोणी म्हणेल. म्हणून आता मुंबईचाच एक दुसरा शिक्षक पाहू. मेहली मेहता हे १९०८ साली जन्मलेले पारशी गृहस्थ. व्हायोलिन हा त्यांचा ध्यास. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव. १९४५ साली, संसार पाठीशी असताना, मेहली न्यूयॉर्कला पुन्हा विद्यार्थी होऊन शिकावयास गेले. पुढे मँचेस्टरच्या वाद्यवृंदात त्यांनी नोकरी केली. १९६४ साली लॉस एंजलिस येथे त्यांनी तरुण मुलामुलींचा ‘अमेरिकन यूथ सिंफनी’ हा वाद्यवृंद काढला, आणि तेहतीस वर्षे, म्हणजे नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत, तो चालविला. त्यात चाचणी देऊनच प्रवेश मिळे. पण जो आत आला त्याला मोठ्या वाद्यवृंदात बसण्यालायक करून बाहेर पाठवावयाचे, हा संस्थेचा उद्देश होता. जगातील अनेक वाद्यवृंदांत तेथून निघालेले वादक आहेत. २००२ साली मेहली वारले, आणि २०२४ साली ती संस्था पैशाच्या ओढाताणीने बंद झाली. लॉस एंजलिससारख्या धनाढ्य शहरात! संगीतशिक्षकाच्या आयुष्याला टेकू लागतो तो केवळ कीर्तीचा पुरत नाही, हा धडा गोदाकाठी आणि प्रशांत महासागराच्या काठी सारखाच आहे.

आता आजचा आपला हिशेब. २००९ सालचा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांना किती शिक्षक असावेत हे दिले आहे. शंभरांहून अधिक मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, आणि कार्यानुभव ह्यांसाठी निदेशक असावेत असे तो म्हणतो. पण शब्द आहे ‘अर्धवेळ निदेशक’. शिवाय कला म्हणजे चित्रकला, संगीत, नाट्य, नृत्य सारे आले. निदेशक चित्रकार असला तर त्या शाळेत सूर नाही, आणि गायक असला तर रंग नाही. कायद्याने कलेला दारातून आत घेतले, पण बसावयाला अर्धा पाट दिला.

मग संगीतशिक्षक उरलेला अर्धा वेळ काय करतो? खाजगी शिकवण्या करतो. ह्या गल्लीतून त्या गल्लीत, एका घरून दुसऱ्या घरी. अलीकडे दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांबद्दल वाढीव गुण मिळू लागल्यापासून वर्गांत गर्दी वाढली, ही चांगली गोष्ट आहे. पण पालक विचारतात ते एवढेच की, मुलगी अमुक परीक्षेला केव्हा बसेल? शिक्षक निकालावर जोखला जातो, म्हणून तो परीक्षेपुरते राग आणि परीक्षेपुरत्या ताना घोकून घेतो. विद्यार्थी आजारी पडला तर त्या महिन्याची फी नाही, मे महिन्याची सुट्टी म्हणजे चुलीलाही सुट्टी. अशा माणसाने फी न देऊ शकणाऱ्या मुलाची पारख करीत बसावे, त्याला दुसरी खेप, तिसरी खेप द्यावी, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

म्हणून नाशिकमध्ये किंवा अन्य कोठे मुलांचा वाद्यवृंद काढावयाचा झाल्यास तीन-चार गोष्टी आरंभीच ठरवाव्या. निवड एका दिवसात उरकू नये. आलेल्या सगळ्या मुलांना महिनाभर शिकवावे आणि मग निवडावे, म्हणजे तोललेली वस्तू घर नसेल, मूल असेल. वाद्ये संस्थेची असावीत आणि घरी सरावाला नेण्याची मुभा असावी. नाहीतर ज्याच्या घरी वाद्य तोच वादक, असे होईल. जे निवडले गेले नाहीत त्यांच्यासाठी समूहगान आणि तालाचा वर्ग चालू ठेवावा. त्यातून पुढच्या वर्षीचे वादक निघतील आणि आयुष्यभराचे श्रोते तर निघतीलच. तानसेन झाला नाही तरी कानसेन झाला, हाही तोटा नव्हे. मोठ्या मुलांना लहानांना शिकविण्याचे काम विद्यावेतन देऊन सोपवावे. उपदेशक वर्गाचे सार ह्यातच आहे, फक्त नऊ वर्षांच्या बंधनाऐवजी येथे मुलाच्या खुशीचा सौदा असावा.

आणि मुख्य गोष्ट, शिक्षकाला बारा महिन्यांचा पगार असावा. तासाचे मानधन नको. सुट्टीचा पगार, आजारपणाची रजा, वाद्यदुरुस्तीचा खर्च, म्हातारपणाची तरतूद ह्या गोष्टी गिरणीतल्या मजुराने झगडून मिळविल्या. त्या मागताना कलावंताने ओशाळण्याचे कारण नाही. कलेची सेवा करतो म्हणून उपाशी राहावे, हा विचार ज्यांना सोयीचा आहे ते स्वतः क्वचितच उपाशी असतात. संस्थेची इमारत मागाहून बांधता येईल. देवळाचा सभामंडप आहे, शाळेची खोली आहे, गोदाघाटाचे पटांगण आहे. विष्णु दिगंबरांच्या आयुष्याने दाखवून दिले की पैसा विटांत घातला तर सावकार नेतो, आणि माणसांत घातला तर तो चौदा वर्षांच्या पोराच्या गळ्यातून परत येतो.

आपल्या मुलाने एखाद्या वाद्यवृंदासाठी चाचणी दिली, म्हणजे आपण घाईघाईने विचारतो की, निवड झाली काय? तो प्रश्न स्वाभाविक आहे, अवश्य विचारावा. त्याबरोबर आणखी दोन प्रश्न संस्थेच्या चालकांना विचारावेत. जी मुले परत गेली त्यांना कोण शिकविणार आहे? आणि जो शिकविणार आहे त्याला महिन्याकाठी तुम्ही काय देता?